खोबऱ्याची वाटी आणि विमानाचे पोट

आमच्या नात्यातल्या एक काकू नाशिकला राहतात. मुलीच्या डोहाळजेवणासाठी त्या पहिल्यांदाच विमानाने निघाल्या होत्या. रविवार कारंजावरून घेतलेले सुके खोबरे, खारका, चिवडा आणि जावयाने मागवलेली नाशिकच्या वाइनची एक बाटली असे सगळे त्यांनी बॅगेत नीट भरले होते. विमानतळावर बॅग उघडायला लावली गेली. कर्मचाऱ्याने खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या आणि बाटली मात्र हात न लावता आत राहू दिली. काकूंचा संताप अनावर झाला. "ओटीचे खोबरे चालत नाही आणि दारू चालते, हा कुठला न्याय?" असे त्यांनी मला घरी आल्यावर विचारले.

प्रश्न अगदी रास्त होता. कर्मचाऱ्याने "नियम आहे" एवढेच उत्तर दिले होते. वर्गात एखाद्या मुलाने "असे का?" म्हणून विचारल्यावर "पुस्तकात तसेच आहे" असे सांगण्यासारखेच हे झाले. वस्तुतः या यादीतल्या बहुतेक ओळींमागे काही रसायनशास्त्र आहे आणि पुष्कळ ओळींमागे माणसांचे प्राण गेलेले आहेत. हा इतिहास विमानापासून सुरू होत नाही. तो बोटींपासून सुरू होतो, आणि त्यातले एक मोठे प्रकरण आपल्या मुंबईतच घडले आहे.

व्हिक्टोरिया डॉकमधली बोट

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. शाळांतून आग विझवण्याची प्रात्यक्षिकेही होतात. हीच तारीख का, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९४४ साली दुसरे महायुद्ध चालू असताना 'फोर्ट स्टिकिन' नावाची मालवाहू बोट इंग्लंडहून कराचीमार्गे मुंबईला आली. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीला रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या आणि वंगणतेलाची पिंपे भरली गेली. कापूस, तेल आणि स्फोटके एकाच बोटीत ठेवू नयेत हे त्या काळीही सर्वांना ठाऊक होते. पण युद्धाची घाई होती आणि बोटींची टंचाई होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही बोटीवर नव्हता.

१४ एप्रिलला दुपारी कापसाने पेट घेतला. दबलेल्या गासडीतली आग आतल्या आत धुमसत राहते, ती पाण्याने सहज विझत नाही. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. शेकडो माणसे मेली आणि गोदीच्या आसपासच्या वस्त्या जळाल्या. आग विझवायला गेलेले ६६ जवान परतले नाहीत. अग्निशमन दिन आपण पाळतो तो त्यांच्यासाठी.

या एका घटनेत धोकादायक मालाच्या वाहतुकीची तीनही सूत्रे दिसतात. ज्यांचे एकमेकांशी जमत नाही ते पदार्थ वेगळे ठेवावेत. आत काय आहे हे बाहेर स्पष्ट लिहावे. आणि वेष्टन असे असावे की वाटेत काही बिघडले तरी बिघाड आतच राहावा. मुंबईत पहिली दोन सूत्रे मोडली गेली होती.

यादी कशी तयार झाली

महायुद्धानंतर विमानाने माल नेणे वाढले. १९५६ साली आंतरराष्ट्रीय विमान कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे 'आयाटा'ने, निर्बंधित वस्तूंची पहिली नियमावली काढली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीही प्रसिद्ध झाल्या. पुढे त्यांतूनच धोकादायक पदार्थांचे नऊ वर्ग रूढ झाले: स्फोटके, वायू, ज्वलनशील द्रव, ज्वलनशील घन, ऑक्सिडीकारक, विषारी व संसर्गजन्य, किरणोत्सारी, क्षरणकारी आणि संकीर्ण. प्रत्येक पदार्थाला एक क्रमांकही मिळाला.

नियम असले तरी ते पाळले जातातच असे नाही. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी अमेरिकेत बोस्टन विमानतळावर एक मालवाहू बोइंग ७०७ कोसळले आणि तिन्ही वैमानिक कर्मचारी मरण पावले. विमानात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या. बाटल्यांना धक्का बसू नये म्हणून भोवती लाकडाचा भुसा भरला होता. आम्ल गळले, भुशाशी त्याची अभिक्रिया झाली आणि त्यातूनच धूर झाला असावा, असा निष्कर्ष तपासात निघाला. भुसा धक्का शोषतो खरा, पण नायट्रिक आम्ल हे तीव्र ऑक्सिडीकारक आहे आणि भुसा म्हणजे इंधन! प्रयोगशाळेच्या कपाटात नायट्रिक आम्लाची बाटली कागदाच्या किंवा भुशाच्या खोक्यात ठेवलेली असेल, तर वाचक शिक्षकांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ती हलवावी.

या व अशा घटनांनंतर नियम कडक होत गेले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८१ साली धोकादायक मालासंबंधीचे परिशिष्ट स्वीकारले आणि १९८४ पासून ते लागू झाले. भारतात यासाठीचे स्वतंत्र नियम २००३ साली आले.

खोबरे का नाही?

आता काकूंच्या प्रश्नाकडे वळू. सुके खोबरे हा पदार्थ संयुक्त राष्ट्रांच्या यादीत १३६३ या क्रमांकाने आहे. त्याचा वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ओला कडबा रचला तर गंजीच्या पोटात हात घालवत नाही इतकी ऊब तयार होते, हे त्याला माहीत असते. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते. ते नीट वाळलेले नसेल तर ओलाव्यावर बुरशी व जीवाणू वाढतात आणि त्यांच्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. तापमान वाढले की तेलाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊ लागते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते आणि चक्र सुरू होते.

मग घरातल्या डब्यातले खोबरे का पेटत नाही? याचे उत्तर भूमितीत आहे. उष्णता तयार होते ती घनफळाच्या प्रमाणात आणि बाहेर जाते ती पृष्ठफळाच्या प्रमाणात. १० सेंमी बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौ. सेंमी आणि घनफळ १,००० घ. सेंमी, म्हणजे गुणोत्तर ०.६. बाजू १ मीटर केली तर हेच गुणोत्तर ०.०६ होते. ढीग दहापट मोठा झाला की उष्णतेला बाहेर पडायला दहापट कमी वाट मिळते. म्हणून काकूंच्या चार वाट्या स्वतःहून पेटण्याची शक्यता अगदी नगण्य होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु नियम पदार्थासाठी लिहिलेला असतो, व्यक्तीसाठी नव्हे. विमानतळावर प्रत्येक वाटीतला ओलावा मोजता येत नाही, आणि एकाच विमानात किती जणांनी किती खोबरे भरले आहे हेही कळत नाही. विमानाच्या पोटात आग लागली तर तिथे जाऊन पाहण्याची सोय नसते. म्हणून शंकेचा फायदा प्रवाशाला न देता विमानाला दिला जातो.

आणि वाइन? पाण्याचे प्रमाण जितके अधिक, तितके मिश्रण पेटण्यासाठी अधिक तापवावे लागते. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेले पेय धोकादायक मालात धरत नाहीत, २४ ते ७० टक्क्यांपर्यंत ५ लिटरची मर्यादा आहे आणि ७० टक्क्यांच्या वर पूर्ण बंदी. द्राक्षाच्या वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२-१३ टक्के असते. न्याय नीतीचा नव्हता, ज्वलनांकाचा होता.

ॲल्युमिनियमचा शत्रू

नाशिकजवळ ओझरला १९६४ सालापासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि पुढे सुखोई विमाने तिथे बांधली गेली. त्याच धावपट्टीला जोडून २०१४ साली नागरी प्रवाशांसाठी टर्मिनल झाले. विमानाचा सांगाडा बराचसा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो. ॲल्युमिनियम खरे तर फार क्रियाशील धातू आहे. त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो म्हणूनच तो टिकतो. पारा हा थर भेदून आत शिरला की ॲल्युमिनियम पाऱ्यात विरघळते, हवेशी संयोग पावून त्याची भुकटी होते, आणि पारा पुन्हा मोकळा होऊन पुढचे ॲल्युमिनियम खाऊ लागतो. पारा स्वतः संपत नाही, हीच त्यातली खरी भीती. म्हणून ताप मोजण्याचा एखादा छोटा तापमापक संरक्षक डबीत घालून चेक-इन बॅगेत चालतो, पण पाऱ्याचा वायुभारमापक सामान्य प्रवाशाला नेता येत नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी विमानाने जाणाऱ्या शाळांनी हे ध्यानात ठेवावे. (वर्गात हा प्रयोग करून दाखवू नये. पाऱ्याची वाफ विषारी असते.)

रिकाम्या नसलेल्या डब्या

११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेले व्हॅल्यूजेट कंपनीचे डीसी-९ विमान सुमारे दहा मिनिटांत दलदलीत कोसळले. सर्व ११० जण मरण पावले. त्याच्या पोटात मुदत संपलेली ऑक्सिजन-जनित्रे होती. केबिनमधला दाब कमी झाल्यास मुखवट्यातून ऑक्सिजन देणारी ही उपकरणे सोडियम क्लोरेटवर चालतात. मँगनीज डायऑक्साइड घालून पोटॅशियम क्लोरेट तापवण्याचा आपल्या पाठ्यपुस्तकातला प्रयोग आठवा. तत्त्व तेच आहे, फक्त येथे अभिक्रिया सुरू झाली की डबी स्वतःच प्रचंड तापते. मुदत संपली होती, पण रसायन संपले नव्हते. कागदावर मात्र ती रिकामी असल्याची नोंद होती.

त्या कप्प्यात आग विझवण्याची यंत्रणा नव्हती. कप्पा हवाबंद असल्यामुळे ऑक्सिजन संपून आग आपोआप विझेल असे गृहीत धरले होते. पण जळणारी वस्तूच ऑक्सिजन पुरवत असेल तर? यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांच्या अशा कप्प्यांत आग शोधणारी व विझवणारी यंत्रणा सक्तीची झाली. मुंबईच्या लाल बावट्याची येथे आठवण होते. दोन्हीकडे आत काय आहे हे बाहेरच्यांना खरे सांगितले गेले नव्हते.

सुरी खाली, पॉवर बँक वर

आतापर्यंत पदार्थाच्या गुणधर्मांविषयी बोललो. दुसरी यादी माणसाच्या हेतूची आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ जण मरण पावले. बॉम्ब असलेली बॅग विमानात चढली होती, तिचा मालक चढला नव्हता. मालक नसेल तर त्याची बॅगही जाऊ नये हा नियम यानंतर जगभर कडक झाला. पूर्वी आपल्याकडे प्रवाशाला विमानाच्या पायथ्याशी आपली बॅग ओळखून दाखवावी लागे, ते यासाठीच. नागरी विमान सुरक्षेचे आपले केंद्रीय कार्यालय १९८७ साली स्वतंत्र खाते झाले. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बाटलीला १०० मिलिलिटरची मर्यादा आली.

या दोन याद्यांची दिशा अनेकदा उलटी असते. सुरी केबिनमध्ये नको, कारण ती कोणाच्या हाती लागेल. ती पोटात जाऊ दे. पॉवर बँक मात्र पोटात नको, ती केबिनमध्येच हवी. लिथियम-आयन घट आतून बिघडला तर स्वतःच्याच अभिक्रियेने तापत जातो. कप्प्यातला हॅलॉन वायू ज्वाला विझवतो, पण घटाचे तापणे थांबवू शकत नाही. केबिनमध्ये धूर लगेच दिसतो आणि पाणी ओतून घट थंड करता येतो. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ लिथियम घटांचा मोठा साठा असलेले मालवाहू बोइंग ७४७ आगीमुळे कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुटे लिथियम-आयन घट माल म्हणून नेण्यास बंदी आहे.

प्रवाशाला साधारणतः १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक नेता येते. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे: २०,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-अवर. ३०,००० ची पॉवर बँक मात्र १११ वॉट-अवर भरते आणि तिला विमान कंपनीची परवानगी लागते.

नियम आणि कारण

नियम माणसांनीच केलेले असल्यामुळे विचार करून ते सैलही करता येतात. २०२४ साली शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला नारळ तपासणीनंतर केबिनमध्ये नेण्याची ठरावीक मुदतीची परवानगी दिली गेली. मात्र ही सूट अधिकृतपणे, कारण पाहून दिली जाते. साडीच्या घडीत लपवलेली वस्तू ही सूट नव्हे. तीही एक लाल बावटा न लावलेली छोटी बोटच असते.

काकूंना मी हे सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे तिथे कोणी सांगितले असते, तर मीच काढून दिले असते हो." कारण कळलेला नियम माणूस कोणी पाहत नसतानाही पाळतो. न कळलेला नियम मात्र पहारेकऱ्याची पाठ वळेपर्यंतच टिकतो. येत्या १४ एप्रिलला आपल्या वर्गात घरातल्या वीस वस्तूंची यादी फळ्यावर लिहून पाहावी. कोणती वस्तू पोटात जाईल, कोणती केबिनमध्ये आणि कोणती घरीच राहील हे मुलांना ठरवू द्यावे. प्रत्येक उत्तरापुढे "कारण" असा एक रकाना मात्र हवाच.