तोंडातला पांढरा थर पुसला जातो का? यीस्टचा संसर्ग डेंटिस्ट कसा ओळखतात

‘तोंड आलंय’ हे दोन शब्द मराठीत फार मोठं काम करतात. गालाच्या आत फोड आला, जिभेला तिखट लागेनासं झालं, ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडल्या, टाळू लाल झाली किंवा जिभेवर पांढरं साचलं, तरी तक्रार एकच असते. औषधाच्या दुकानातलं उत्तरही बहुतेक वेळा एकच असतं: बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं एखादं जेल. साध्या फोडांना ते चालूनही जातं, कारण ते फोड आठ-दहा दिवसांत आपोआपच बरे होतात. पण यातल्या काही तक्रारींच्या मुळाशी कँडिडा नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी असते. तिला जीवनसत्त्वाच्या गोळीने फरक पडत नाही आणि स्टिरॉइडयुक्त जेलने ती उलट वाढते. तोंडाच्या फोडांसाठी मिळणाऱ्या अनेक मलमांमध्ये स्टिरॉइड असतं, हे ती लावणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

हे यीस्ट येतं कुठून?

बहुतेकदा ते बाहेरून येतच नाही. वेगवेगळ्या अभ्यासांनुसार साधारण ३० ते ६० टक्के निरोगी लोकांच्या तोंडात कँडिडा असतं आणि त्यांना कसलाच त्रास नसतो. लाळ ते सतत धुऊन टाकते, लाळेतली काही प्रथिनं त्याला मारतात, तोंडातले जीवाणू त्याला जागा मिळू देत नाहीत आणि शरीराची प्रतिकारशक्ती उरलेल्यावर पहारा ठेवते. यातला एखादा पहारेकरी हटला की अंड्याच्या आकाराच्या यीस्टच्या पेशींना लांब धागे फुटतात आणि ते तोंडाच्या नाजूक अस्तरात शिरतात. वस्तीचा रोग होतो तो इथे.

नावाचीही गंमत आहे. १९२३ साली नेदरलँड्समधल्या क्रिस्टिन बर्कहाउट यांनी या बुरशीगटाला ‘कँडिडा’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पांढरा. तोंडात सर्वाधिक सापडणाऱ्या जातीचं नाव ‘अल्बिकन्स’, म्हणजे पांढरी होत जाणारी. नावात दोनदा पांढरेपणा असलेल्या या यीस्टचा तोंडातला संसर्ग मात्र पुष्कळदा लाल दिसतो. फक्त पांढरं शोधणाऱ्याच्या नजरेतून निम्मे रुग्ण सहज सुटू शकतात.

गॉजचा तुकडा काय सांगतो

सगळ्यांना माहीत असलेला प्रकार म्हणजे थ्रश. गालाच्या आत, जिभेवर, टाळूवर फाटलेल्या दुधासारखे किंवा दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसतात. डेंटिस्ट गॉजच्या तुकड्याने किंवा आरशाच्या कडेने ते हळूच पुसून बघतात. ते निघून आले आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली त्वचा दिसली, तर थ्रशची शक्यता खूप वाढते. इतकी साधी, बिनखर्ची आणि उपयोगी तपासणी वैद्यकात फारशी सापडत नाही.

जिभेवर सकाळी दिसणारा पातळ पांढुरका थर मात्र बहुतेक वेळा बुरशी नसतो. तो मृत पेशी, अन्नकण आणि जीवाणूंचा लेप असतो. समाजमाध्यमांवर जीभ बाहेर काढून फोटो टाकणाऱ्या आणि ‘फंगस आहे का?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांना औषधापेक्षा जीभ घासण्याची गरज असते.

दुसरा प्रकार लाल असतो. जिभेवरचे बारीक उंचवटे झडतात, ती गुळगुळीत होते, झोंबते, वरण-भातही तिखट लागतो. अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाल्यावर किंवा दम्याच्या स्टिरॉइड पंपाबरोबर हे दिसतं. पण लोह, बी-१२ किंवा फोलिक ॲसिडच्या कमतरतेतही जीभ अशीच दिसते आणि अशा जिभेवर यीस्टही सहज वाढतं. म्हणून बुरशीच्या औषधाबरोबर रक्ततपासणीची चिठ्ठी हातात पडली, तर ती चिठ्ठी जास्त महत्त्वाची समजावी.

ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा हा तिसरा प्रकार. इथे यीस्टबरोबर अनेकदा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणूही असतो, त्यामुळे नुसत्या बुरशीच्या मलमाने काम अर्धवट राहू शकतं. वयस्क माणसांत कारण बऱ्याचदा यांत्रिक असतं. कवळीचे दात झिजलेले असतात, तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे जास्त सरकते, कोपऱ्यात घडी पडते आणि तिथे लाळ साचून राहते. अशा चिरा कवळी बदलेपर्यंत पुन्हा पुन्हा येतात.

कवळीखालची लाल टाळू

दातांच्या दवाखान्यात हा संसर्ग सर्वांत जास्त सापडतो तो इथे. आणि गंमत म्हणजे रुग्णाची इथे काहीच तक्रार नसते. तो आलेला असतो सैल झालेली कवळी घट्ट करून घ्यायला. डेंटिस्ट वरची कवळी काढतात, तर टाळूवर कवळीच्या कडेबरहुकूम लाल ठसा उमटलेला असतो. १९६२ साली न्यूटन यांनी याच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत: आधी टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, मग सलग पसरलेला लालपणा आणि शेवटी टाळूच्या मध्यावर बारीक पुरळासारखे उंचवटे.

हे वरच्याच कवळीखाली का होतं? वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिच्याखाली लाळ पोचत नाही. खालच्या कवळीभोवती लाळ खेळती असते. शिवाय कवळीचं ॲक्रिलिक डोळ्यांना गुळगुळीत दिसलं, तरी टाळूला टेकणाऱ्या बाजूला त्यावर सूक्ष्म छिद्रं असतात. यीस्ट तिथे जीवाणूंच्या साथीने चिकट थर करून राहतं. त्या थरात औषध नीट शिरत नाही. म्हणजे खरं वसतिस्थान टाळूपेक्षा कवळी हे असतं. टाळूला पंधरा दिवस औषध लावून तीच मळकी कवळी परत बसवली, तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया.

उपचाराचा मोठा भाग त्यामुळे न्हाणीघरातल्या बेसिनपाशी होतो. रात्री झोपताना कवळी काढायची. मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने आतली बाजू घासायची. टूथपेस्ट नको, कारण तिच्यातल्या खरखरीत कणांनी ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि यीस्टला आणखी जागा मिळते. मग पाण्यात किंवा डेंटिस्टने सांगितलेल्या द्रावणात बुडवून ठेवायची. कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडू शकतो. गरम पाणी तर नकोच. पातळ केलेलं ब्लीच यीस्टवर चांगलं काम करतं, पण कवळीत धातू असेल तर तो गंजतो, म्हणून विचारल्याशिवाय वापरू नये. कित्येक आजी-आजोबा चारचौघांत बिनदाताचं दिसू नये म्हणून रात्रीही कवळी काढत नाहीत. घरातल्यांनी हे समजून घेतलं, तर टाळूला रोज सात-आठ तास मोकळी हवा मिळते.

पुसला जात नाही, तेव्हा

या विषयातला सगळ्यात गंभीर भाग हा आहे. गॉजने पुसूनही पांढरा चट्टा जागचा हलत नसेल, तर तो साधा थ्रश नाही. तो घर्षणाने जाड झालेला भाग असेल, लायकेन प्लॅनस असेल किंवा ल्युकोप्लाकिया असेल, आणि ल्युकोप्लाकियाचं रूपांतर काही रुग्णांत कर्करोगात होतं. कँडिडाचाही एक जुनाट, घट्ट चिकटलेला प्रकार आहे. तो बहुतेकदा ओठांच्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला गालावर दिसतो, धूम्रपान करणाऱ्यांत जास्त आढळतो आणि त्यातही पेशी बिघडण्याचा धोका असतो. पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले असतील, तर काळजी आणखी वाढते.

महाराष्ट्रात हा भेद जास्त महत्त्वाचा ठरतो. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तंबाखू-चुना, विदर्भातला खर्रा, मावा आणि बायकांमध्ये दात घासण्याच्या निमित्ताने चालणारी मिश्री यांचं प्रमाण मोठं आहे. अशा तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याला ‘फंगस असेल’ म्हणत महिनोन्‌महिने जेल लावत राहणं म्हणजे मोलाचा वेळ घालवणं. बुरशीचं औषध देऊन पाहायला हरकत नसते. पण दोन-तीन आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी, करावी लागते. त्या तुकड्यात बुरशीचे धागे सापडले, तरी काम संपत नाही. खालच्या पेशींची ठेवण कशी आहे, हे पॅथॉलॉजिस्टला पाहावंच लागतं.

बाकी तपासण्या सोप्या आहेत. चट्टा खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धागे शोधतात. नमुना वाढवून जात ओळखता येते, म्हणजे कल्चर करता येतं. पण नुसतं कल्चर पॉझिटिव्ह आलं म्हणून रोग ठरत नाही. ही बुरशी निरोगी तोंडातही असते, हे विसरून चालत नाही.

आत्ताच का झालं?

तरुण, धडधाकट माणसाच्या तोंडात कारणाशिवाय थ्रश होत नाही. म्हणून चांगला डेंटिस्ट चट्टा पाहिल्यावर प्रश्न विचारू लागतो. वारंवार लघवीला जावं लागतं का, तहान वाढली आहे का, घरात कुणाला साखर आहे का? मधुमेहाचा पहिला सुगावा कधी कधी दातांच्या खुर्चीतच लागतो. दम्याचा पंप घेतल्यावर गुळणा करून पाणी थुंकता का? ही एक सवय आणि पंपाला जोडायची स्पेसर नळी यांनी पुष्कळ रुग्णांचा त्रास औषधाविना थांबतो. तोंड कोरडं पाडणारी ॲलर्जीची, नैराश्याची औषधं, डोक्या-मानेचं रेडिएशन, केमोथेरपी, अलीकडचा अँटिबायोटिकचा कोर्स (तो कधी डेंटिस्टनेच दाढेसाठी दिलेला असतो) हे सगळं यादीत येतं.

आणि एचआयव्ही. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली अधिकृत नोंद मानली जाते. त्या पाचही जणांना कँडिडाचा संसर्ग होता. आजही कारण न सापडणाऱ्या थ्रशमध्ये एचआयव्हीची चाचणी सुचवली जाते. ती सुचवण्यात चारित्र्यावर संशय नसतो. लवकर कळलं तर उपचार लवकर सुरू होतात, इतकाच हिशोब असतो.

‘पांढरी बुरशी’ आणि २०२१ची भीती

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’पाठोपाठ ‘पांढरी बुरशी’ची बातमी फिरली आणि ती काळ्या बुरशीपेक्षा घातक असल्याचे फॉरवर्ड घरोघरी पोचले. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी रंगावरून बुरशी ओळखू नका, त्याने गोंधळ वाढतो, असं स्पष्ट केलं. काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. ती वेगळ्याच कुळातली, रक्तवाहिन्यांत शिरून ऊती मारणारी. अचानक हलू लागलेले दात, टाळूवर काळा पडलेला भाग, गालाला बधिरपणा, डोळ्याभोवती सूज ही तिची लक्षणं आहेत आणि त्यासाठी तातडीने रुग्णालय गाठावं लागतं. तोंडातला थ्रश सहसा वरवरचा असतो. पण गिळताना छातीत दुखत असेल, तर यीस्ट अन्ननलिकेत उतरलेलं असू शकतं. तिथे फक्त तोंडात लावायचं औषध पुरत नाही.

तान्ह्या बाळांचं तोंड

बाळाच्या जिभेवरचं दूध ओल्या कापडाने पुसलं जातं. थ्रश सहज निघत नाही आणि तो गालांच्या आतही असतो. बाळ दूध ओढताना रडतं, आईच्या स्तनाग्रांना जळजळ होते. अशा वेळी दोघांवर एकदम उपचार करावे लागतात, नाही तर संसर्ग एकमेकांकडे फिरत राहतो. टाकणखाराची लाही मधात कालवून लावण्याचा जुना उपाय अजूनही काही घरांत चालतो. तो पूर्ण बंद व्हायला हवा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि मध-बोरॅक्स चाटवलेल्या बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. एक वर्षाच्या आत मधही देऊ नये, त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो.

औषधं, आणि त्यांचे खाचखळगे

निस्टॅटिनचं द्रावण, क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट, मायकोनॅझोलचं जेल ही नेहमीची औषधं. गरज पडली तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या. निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञ स्त्रियांनी जगापुढे आणलं आणि त्या काम करत त्या न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याचं नाव पडलं. ते पोटातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणून तुलनेने सुरक्षित आहे. पण त्याच कारणाने ते तोंडात काही मिनिटं घोळवावं लागतं. चटकन गिळलं तर उपयोग होत नाही. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश त्याच वेळी वापरला तर दोन्ही एकमेकांचा परिणाम कमी करतात, म्हणून मध्ये अंतर ठेवायला सांगतात.

मायकोनॅझोल हे ‘नुसतं लावायचं जेल’ वाटतं, पण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर ते धोकादायक ठरू शकतं. रक्तस्राव होण्याइतका परिणाम वाढतो. फ्लुकोनॅझोलचंही तेच. शिवाय ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर त्याने साखर एकदम खाली येऊ शकते, आणि थ्रश असलेला रुग्ण मधुमेही असण्याची शक्यता तर मुळातच जास्त. म्हणून हृदयाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्याने दातांच्या दवाखान्यात जाताना औषधांची पाकिटं पिशवीत टाकून न्यावीत. नावं आठवत नसली तरी चालतं, पाकिटांवरून डॉक्टरांना कळतं.