गिट : मूलभूत आज्ञा

गिट : सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या सांभाळणारी वितरित प्रणाली. लिनक्स कर्नलच्या कामासाठी बिटकीपर ही प्रणाली मोफत मिळेनाशी झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिटची निर्मिती केली. त्याच वर्षीच्या जुलैपासून तिची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. गिटमध्ये प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास सहसा प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या संगणकावर असतो. त्यामुळे बहुतेक आज्ञा इंटरनेटविना चालतात.

आरंभ : ‘गिट कॉन्फिग’ने आपले नाव व ईमेल एकदा नोंदवावे लागते. ‘गिट इनिट’ चालू फोल्डरमध्ये नवी रिपॉझिटरी, म्हणजे फाइली व त्यांच्या इतिहासाचा साठा, तयार करते, तर ‘गिट क्लोन’ दुसरीकडे असलेली रिपॉझिटरी इतिहासासह उतरवून घेते.

नोंद : फाइलमधला बदल आपोआप नोंदला जात नाही. ‘गिट ॲड’ने तो आधी स्टेजिंगमध्ये, म्हणजे पुढच्या नोंदीसाठी निवडलेल्या बदलांत, जातो आणि ‘गिट कमिट’ने इतिहासात कायम होतो. या दोन पायऱ्यांमुळे दिवसभराच्या मिसळलेल्या कामातून एका विषयाचे बदल वेचून त्यांची स्वतंत्र नोंद करता येते. प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणीची सर्व फाइलींची स्थिती, लेखकाचे नाव, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा निर्देश असतो. संदेशात बदलाचे कारण लिहिणे फार मोलाचे. काय बदलले ते ‘गिट डिफ’ दाखवतेच. ‘गिट स्टेटस’ सद्यःस्थिती सांगते, ‘गिट लॉग’ इतिहास.

शाखा : ‘गिट ब्रँच’ नवी शाखा, म्हणजे इतिहासाचा स्वतंत्र प्रवाह, काढते. २०१९ पासून उपलब्ध असलेली ‘गिट स्विच’ एका शाखेवरून दुसरीवर नेते. त्याआधी हे काम ‘गिट चेकआउट’ने होई. ‘गिट मर्ज’ दोन शाखा जोडते. दोन्हींत त्याच ओळी वेगवेगळ्या बदलल्या असतील, तर निर्णय माणसाला घ्यावा लागतो.

देवाणघेवाण : ‘गिट फेच’ दूरच्या रिपॉझिटरीतील नव्या नोंदी आणते, पण चालू शाखेला हात लावत नाही. ‘गिट पुल’ त्या आणून शाखेत मिसळते. ‘गिट पुश’ आपल्या नोंदी तिकडे पाठवते. तिथल्या शाखेवर आपल्याकडे नसलेले कमिट असल्यास ही आज्ञा सहसा नाकारली जाते.

माघार : येथे सर्वाधिक काळजी हवी. ‘गिट रिव्हर्ट’ जुना बदल उलटवणारे नवे कमिट जोडते. इतिहास अबाधित राहतो, म्हणून सामायिक शाखेवर हाच मार्ग योग्य. ‘गिट रिसेट’ शाखेचे टोक मागे नेते. तिच्या ‘हार्ड’ पर्यायाने, तसेच ‘गिट रिस्टोर’ने, कमिट न केलेले बदल पुसले जातात आणि गिटकडून ते परत मिळण्याची खात्री नसते. याउलट, शाखेवरून निसटलेले कमिट ‘गिट रिफ्लॉग’च्या साहाय्याने शोधता येते, अशा नोंदी मूळ मांडणीनुसार ३० दिवस टिकतात. म्हणूनच लहान लहान कमिट वारंवार करणे ही गिट वापरणाऱ्याने सर्वांत आधी लावून घ्यावी अशी सवय होय.