लॉकर रूम

वसईजवळच्या गास गावात एखादी आजी ‘लॉकर रूममध्ये जाऊन येते’ म्हणाली, तर ती बँकेत निघाली आहे एवढंच समजायचं. लग्न जवळ आलं की दागिने काढायचे, आटोपलं की परत ठेवायचे. वसईत बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक 1918 सालची, त्यामुळे या भागाला बँकेची सवय जुनी.

अमेरिकेत मात्र लॉकर रूम म्हणजे खेळाडूंची कपडे बदलायची खोली. आपण तिला क्रिकेटमुळे ‘ड्रेसिंग रूम’ म्हणतो. तिथल्या पुरुषी चावटपणाला इंग्रजीत ‘लॉकर रूम टॉक’ म्हणतात. 2016 साली ट्रम्प यांनी आपल्या जुन्या ध्वनिमुद्रित बोलण्याचं समर्थन याच शब्दांत केलं. 2020 मध्ये दिल्लीच्या शाळकरी मुलांचा इन्स्टाग्रामवरचा गट गाजला, त्याच्याही नावात लॉकर रूम होतीच. आजीला हे सांगायची माझी हिंमत नाही.

मला मौज वाटते ती लॉकर रूमच्या दाराशीच, कुलूप-चावीच्या शब्दांची. ‘लॉक’ इंग्रजी. आपलं ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’मधून आलेलं, वाटेत फ आणि ल यांनी जागा बदलल्या. आणि ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’ची, लिहिताना ‘च’सारखी दिसणारी. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल 1534 ते 1739. किल्ला चिमाजीअप्पांनी घेतला, चावी मात्र आपल्याकडेच राहिली.

बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची, एक आजीची.