शेफील्डचा वस्तरा आणि सराणेवरचा माणूस



मी जुन्या वस्तऱ्यांवर बोलणार असे पत्रिकेत छापून आले, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत पुष्कळ थट्टा झाली. "आता कुणाची हजामत करणार?" असे एका कार्यकर्त्याने विचारलेही. थट्टा रास्त होती. ज्याचे आयुष्य गेटसभा, मागणीपत्रे आणि लेबर कोर्टाच्या तारखा यांत गेले, त्याने सुटीच्या दिवशी गंजलेले वस्तरे घासत बसावे हे विचित्र दिसते खरे. शिवाय मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे वाचले ते रात्रपाळीत आणि ग्रंथालयात. तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका कामगाराने दुसऱ्या कामगाराविषयी केलेल्या चौकशीचे टिपण समजावे.

महाराष्ट्रात चळवळीच्या संबंधात वस्तऱ्याचे नाव निघाले की १८९० साल आठवते. त्या साली रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा उचलावयाचा नाही असे ठरविले. तो विषय मोठा आहे आणि त्यावर अधिकारी माणसांनी बोलावे. मला आज वस्तरा चालविणाऱ्यांविषयी नव्हे, तर घडविणाऱ्यांविषयी बोलावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात एका धोकटीत मला एक वस्तरा मिळाला. पाते तांबड्या गंजाने भरलेले, शिंगाची मूठ एका बाजूने तडकलेली. घरी आणून दोन दिवस तेलात ठेवला. मग मुठीच्या टोकाचा पितळी खिळा हलक्या हाताने काढला, मूठ व पाते वेगळे केले, आणि पाण्यात भिजविलेल्या पॉलिश कागदाने, आधी चारशे नंबर, मग सहाशे, मग हजार, असे पाते घासू लागलो. तिसऱ्या संध्याकाळी गंजाखालून अक्षरे वर आली. एक तारा, एक माल्टी क्रॉस, जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड. आणि बाजूला मुकुट व त्याच्या दोन्ही अंगांना व्ही आणि आर ही अक्षरे.

ह्या अक्षरांवरून वय काढता येते. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तेव्हा वस्तरा १८३७ ते १९०१ यांच्या दरम्यानचा. त्यावर 'इंग्लंड' हा शब्द नाही. अमेरिकेने १८९० साली जकातीचा जो कायदा केला त्याने परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. म्हणून देशाचे नाव नसलेला वस्तरा त्यापूर्वीचा असे संग्राहक मानतात. परंतु हा नियम अमेरिकेला जाणाऱ्या मालाचा. हिंदुस्थानात आलेल्या मालाला तो डोळे मिटून लावू नये. त्याहून भरवशाचा पुरावा पात्याच्या आकाराचा. जुने पाते पाचरीसारखे, जाड पाठीकडून धारेकडे सरळ उतरत गेलेले असते. नंतरच्या पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट कोरलेल्या असतात. ती कला जर्मनीतल्या सोलिंगेनच्या कारागिरांनी पराकोटीला नेली. माझ्या वस्तऱ्याची बाजू जवळजवळ सरळ आहे; म्हणून तो शतकाच्या मध्यास धरावा असे मला वाटते.

आता ह्या पोलादाची थोडी हकीकत. १७४० च्या सुमारास डॉनकास्टरचा एक घड्याळजी, बेंजामिन हंट्समन, घड्याळाच्या कमानींसाठी चांगले पोलाद मिळेना म्हणून शेफील्डजवळ येऊन राहिला आणि मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत त्याने बसविली. शेफील्डच्या सुरीवाल्यांना ते फार कठीण वाटले व प्रथम त्यांनी ते नाकारले, असे सांगतात. फ्रान्समध्ये त्या पोलादाच्या मालाला मागणी आली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. पुढे 'कास्ट स्टील' ही अक्षरे वस्तऱ्यावर अभिमानाने उमटू लागली.

ह्या कथेत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १७९४ साली मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी येथील 'वूट्झ' पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे धाडले. आपल्या दक्षिणेतले भट्टीवाले ते पोलाद मुशीत पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या हत्यार-कारागिराने त्याचे चाकू करून पाहिले व तो त्यावर इतका लुब्ध झाला, की पुढे मायकेल फॅरडेला सोबत घेऊन त्याने पोलादात निरनिराळे धातू मिसळण्याचे प्रयोग केले. फॅरडे लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता शिकलेला. त्यांचे निबंध १८२० व १८२२ साली प्रसिद्ध झाले. पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी हे प्रमाण त्यांना उत्तम वाटले. लागलीच 'सिल्व्हर स्टील' असा शिक्का मारलेले वस्तरे बाजारात आले. त्यांतल्या सर्वांतच चांदी होती असे समजण्याचे कारण नाही.

हंट्समनचे नाव राहिले, स्टोडार्टचे राहिले, मालकाचे नाव तर पात्यावरच कोरलेले. पण लोहाराने ठोकून दिलेल्या पोलादाच्या जाड पट्टीचे पाते ज्याने घासून काढले, त्याचे नाव कोठेच नाही. त्याचा शोध घेऊ लागलो तेव्हा मला शेफील्डचा खरा इतिहास लागला.

शेफील्डमध्ये एका वस्तऱ्याचे तीन धनी असत: पाते ठोकणारा, ते सराणेवर घासणारा, आणि मूठ बसविणारा. घासणारा बहुधा कारखान्याचा पगारी नोकर नसे. वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या मोठ्या इमारतीत तो एका सराणेची जागा भाड्याने घेई व नगावर मजुरी करी. वालुकाश्माचे चाक पुढे फिरते आहे, आणि तो मागे लाकडी घोडीवर मांड टाकून, गुडघ्यांवर कोपरे टेकून, चाकावर ओणवा झालेला. वस्तऱ्याच्या बाजूला जो खोलगटपणा येतो तो चाकाच्या गोलाईचा असतो. चाक जितके लहान, तितकी खोली अधिक. आणि चाक जितके लहान, तितके त्यावर अधिक वाकावे लागते. म्हणजे ठिणग्या आणि दगडाचे पीठ थेट तोंडावर.

काही माल पाण्यावर घासत, काही कोरडा. काटे-चमचे पूर्ण कोरडे, जेवणाच्या सुऱ्या पाण्यावर, वस्तरे दोन्ही प्रकारे. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांनी ह्या लोकांच्या छातीचा अभ्यास केला होता. त्यांच्या आधाराने एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात आकडे दिले आहेत. शहरात सराणेवरचे सुमारे २,५०० कामगार. त्यांपैकी काटे घासणारे अठ्ठावीस ते बत्तीस वर्षांचे होऊन मरत, वस्तरे घासणारे चाळीस ते पंचेचाळीस, जेवणाच्या सुऱ्या घासणारे चाळीस ते पन्नास. त्यांच्यात दारुडे जास्त जगत असेही तेथे नमूद आहे. कारण दारुडा कामावर कमी वेळा येई!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या धुळीवर उपाय नव्हता काय? होता. १८२० नंतर लवकरच शेफील्डच्याच एब्राहॅम नावाच्या गृहस्थाने चुंबक लावून पोलादाची धूळ तोंडापर्यंत येऊ न देण्याची युक्ती काढली. दगडाची धूळ चुंबकाला लागत नाही, हा तिचा दोष होताच. पुढे पंखा लावून धूळ नळातून बाहेर ओढून नेण्याची रीत आली. ती चांगली होती. तथापि ती पसरावयास कित्येक दशके लागली. इमारतीच्या मालकाला खर्च नको होता, हे आपण समजू शकतो. पण कामगारांनीही ती साधने नाकारली. काही ठिकाणी मोडून टाकली. त्यांचा हिशेब असा: काम जिवावरचे आहे म्हणून फारसे कोणी ह्या धंद्यात शिरत नाही आणि म्हणून मजुरी टिकून आहे. धूळ गेली तर माणसे जास्त जगतील, नवी पोरे येतील, हात वाढतील, दर उतरतील.

हे वाचले तेव्हा मला त्या लोकांचा राग आला नाही. त्यांच्या लहान लहान युनियनी होत्या, प्रत्येक धंद्याची वेगळी. आणि त्यांच्या हाती धंद्यातली माणसे मोजकी ठेवणे एवढे एकच हत्यार होते. ते हत्यार त्यांनी कसे चालविले हेही जगजाहीर आहे. वर्गणी न भरणाऱ्याच्या सराणेचे पट्टे रातोरात नाहीसे व्हावयाचे. ह्याला तेथे 'रॅटनिंग' म्हणत. ८ ऑक्टोबर १८६६ रोजी युनियन सोडून गेलेल्या फर्नीहो नावाच्या करवत घासणाऱ्याच्या घरात बंदुकीच्या दारूचा स्फोट करण्यात आला. १८६७ साली सरकारी चौकशी बसली, खरे सांगणाराला माफीचे अभिवचन मिळाले, आणि करवत घासणाऱ्यांच्या युनियनचा सेक्रेटरी विल्यम ब्रॉडहेड याने आपण पैसे देऊन हल्ले करविल्याचे कबूल केले. १८५९ साली लिनली नावाच्या माणसावर झाडलेली गोळीही त्यांत होती, आणि तो त्या जखमेने मेला. युनियनच्या शत्रूंना ह्याहून चांगली संधी कोणती? तरीसुद्धा त्याच काळात १८६८ साली मँचेस्टरला ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली आणि १८७१ च्या कायद्याने युनियनच्या निधीला संरक्षण मिळाले. संघटना उघड्यावर आली, तेव्हाच तिला रात्री पट्टे पळविण्याची गरज उरली नाही.

मला राग का आला नाही, ते आता सांगितले पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची युनियन होती. तेथे ओतकामाचे सुटे भाग घासण्याचे फेटलिंग खाते होते. करारात आमच्या दोन मागण्या होत्या. धूळ ओढून नेणारी यंत्रणा बसवा, आणि ती बसेपर्यंत धूळभत्ता द्या. मॅनेजमेंट म्हणाले, दोन्हींपैकी एक घ्या. मी खात्यात सभा घेतली, हात वर करावयास सांगितले. सगळे हात भत्त्याकडे. दरमहा एकशे वीस रुपयांवर मी सही केली, आणि त्या दिवशी मला हार घातले गेले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवावयाचा रोग म्हणून नोंदलेला होता. तो कायदा माझ्या टेबलावर होता आणि मी तो वाचलेला होता.

त्या खात्यातल्या एका माणसाला मी दादा म्हणत असे. वयाने तो मोठा. त्याचा खोकला क्षयाचा समजून वर्षानुवर्षे औषधे चालली. शेवटी एका डॉक्टराने दगडाच्या धुळीचे नाव घेतले, तेव्हा उशीर झाला होता. मी भेटावयास गेलो आणि सहीची गोष्ट काढली. तो म्हणाला, "भाऊ, हात माझापण वर होता." एवढेच. तो गेल्यावर पुढच्या करारात आम्ही यंत्रणा मागितली, भत्ता सोडला, आणि त्यासाठी संप केला. संप यशस्वी झाला. पण ज्यांनी बारा वर्षे भत्ता घेतला त्यांच्या छातीत गेलेले बाहेर काढता येत नाही.

वस्तऱ्याचा शेवट थोडक्यात सांगतो. किंग जिलेट याच्या कारखान्याने १९०३ साली ५१ वस्तरे व १६८ पाती विकली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारने सैनिकांसाठी त्याच्याकडून ३५ लाख वस्तरे व ३ कोटींहून अधिक पाती घेतली. घरी परतलेला सैनिक पुन्हा जुन्या वस्तऱ्याकडे वळला नाही. तेव्हापासून तो न्हाव्याच्या धोकटीत आणि मग जुन्या बाजारात गेला.

ज्यांना हा छंद लागेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पाते यंत्राच्या बफावर धरू नका. तापून त्याच्यावर निळा रंग आला की पोलादाचे पाणी उतरले, ते पुन्हा चढत नाही. निसण्यावर वस्तरा पाठ व धार दोन्ही टेकवून ओढावा. पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, तो हाताने ठरवू नये. सेल्युलॉइडची मूठ असेल तर वेगळी ठेवा. ती कुजली की तिच्या वाफेने शेजारची पातीही गंजतात. गंजाचे खोल खड्डे राहू द्या. ते काढण्याच्या नादात शिक्का जातो. आणि नेहमी पाण्यावर घासा, कोरडे कधीही नाही. नाकावर फडके बांधा. मी हे उशिरा शिकलो, पण शिकलो.

माझ्या त्या वस्तऱ्याच्या एका बाजूवर मालकाचे नाव आहे. दुसरी बाजू उन्हात तिरपी धरली की सराणेच्या बारीक रेघा अजून दिसतात. त्या मी पुसल्या नाहीत. घासणाऱ्याची तेवढीच सही शिल्लक आहे. युनियनच्या पोरांना मी तो वस्तरा दाखवितो आणि एवढेच सांगतो, की मजुरीसाठी भांडा, बोनससाठी भांडा, पण धुळीचा भाव कधी ठरवू नका. मालक तो भाव आनंदाने देतो.