गोल्डन बूटची यादी आणि एक फसवं उत्तर



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना एक प्रश्न असतो: "विषय मिळाला, आकडे मिळाले, आता पुढे काय?" आज याचं उत्तर फुटबॉलमधून देतो. सांगली म्हणजे विजय हजारेंचं जन्मगाव, इथे गप्पा क्रिकेटच्याच. फुटबॉलचं वेड बघायचं तर तासाभरावर कोल्हापूर आहे, तिथे तालमींच्या नावाने संघ उतरतात. आजची गोष्ट मात्र त्याहून थोडी खाली, गोव्याची आहे.

लीगमध्ये हंगामात सर्वात जास्त गोल करणाऱ्याला गोल्डन बूट देतात. दरवर्षी एक नाव, एक क्लब, एक आकडा. सोपी, स्वच्छ यादी. अशा यादीवरून इतिहास लिहायचा मोह होतो आणि तिथेच माणूस घसरतो. कसं ते बघू.

आधी यादी

भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ ला सुरू झाली. २००७-०८ पासून तीच आय-लीग झाली. मधल्या अकरा हंगामांतले सर्वाधिक गोल करणारे असे:

२००१-०२: युसिफ याकुबू, चर्चिल ब्रदर्स, १८
२००२-०३: युसिफ याकुबू, चर्चिल ब्रदर्स, २१
२००३-०४: ख्रिस्तियानो ज्युनिअर, ईस्ट बंगाल, १५
२००४-०५: डुडू ओमागबेमी, स्पोर्टिंग क्लब द गोवा, २१
२००५-०६: रँटी मार्टिन्स, धेंपो, १३
२००६-०७: ओडाफा ओकोली, चर्चिल ब्रदर्स, १८
२००७-०८: ओडाफा ओकोली, चर्चिल ब्रदर्स, २२
२००८-०९: ओडाफा ओकोली, चर्चिल ब्रदर्स, २६
२००९-१०: ओडाफा ओकोली, चर्चिल ब्रदर्स, २२
२०१०-११: रँटी मार्टिन्स, धेंपो, २८
२०११-१२: रँटी मार्टिन्स, धेंपो, ३२

अकरापैकी दहा वेळा गोव्याचा क्लब. विजेतेपदंही तशीच: २००६-०७ ते २०१२-१३ सलग सात वर्षं लीग गोव्यातच राहिली. धेंपोने चार, चर्चिलने दोन आणि साळगावकरने एक.

आता गंमत बघा. २०१२-१३ मध्ये गोल्डन बूट पुन्हा रँटीलाच मिळाला, २६ गोलांसाठी, पण तेव्हा तो कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडमध्ये होता. म्हणजे गोव्याची रांग २०१२ ला तुटली. आणि २०१२ मध्ये गोव्यात आणखी काय झालं? सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही खाणींशी जोडलेली घराणी. मग वाक्य आपोआप तयार होतं: "खाणींचा पैसा होता तोवर गोल होते, खाणी बंद झाल्या आणि गोल आटले."

वाचायला मस्त वाटतं ना? सेमिनारमध्ये टाळ्या पडतील. पण हे वाक्य तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिली तपासणी: तारखा जुळतात का?

कारण आधी घडलं पाहिजे, परिणाम नंतर. ओडाफा चर्चिल सोडून मोहन बागानला गेला २०११ मध्ये. रँटीने धेंपो सोडलं ते २०१२ च्या हंगामाआधी, म्हणजे खाणबंदीच्या आधी. दोन्ही मोठे स्ट्रायकर कोलकात्याच्या वाटेला लागले तेव्हा गोव्याच्या खाणी चालूच होत्या.

पुढचंही बघा. बंदीनंतरच्या पहिल्याच हंगामात, २०१२-१३ ला, लीग जिंकली चर्चिल ब्रदर्सने. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१३-१४ ला, सर्वाधिक गोल तिघांचे सारखे झाले, प्रत्येकी १४: सुनील छेत्री, कॉर्नेल ग्लेन आणि डॅरिल डफी. हा डफी कुठला? साळगावकरचा! खाण-घराण्याच्याच क्लबचा खेळाडू, तोही बंदी आल्यानंतर.

दुसरी तपासणी: गट फोडून बघा

"गोव्याचे क्लब" हा एक गठ्ठा आपण मनात बांधला होता. तो सोडा. दहा नोंदींपैकी सहा चर्चिलच्या आहेत. हा आलेमाव या राजकारणातल्या कुटुंबाचा क्लब. एक स्पोर्टिंगची. धेंपोच्या तीन. साळगावकरची एकही नाही. म्हणजे ज्या दोन घराण्यांवर आपली गोष्ट उभी होती, त्यांच्या वाट्याला दहापैकी तीनच. सरासरी काढण्याआधी गट फोडायची सवय लावा. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

खाणींच्या पैशाचा गोव्याच्या फुटबॉलशी काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाहीये. धेंपो आणि साळगावकरने वर्षानुवर्षं क्लब पोसले ते उद्योगाच्या जोरावरच. माझं म्हणणं एवढंच की गोल्डन बूटची यादी हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही. दावा खरा असला तरी पुरावा चुकीचा असू शकतो. व्हायवामध्ये नेमकं हेच विचारतात.

तिसरी तपासणी: खिडकी कोणी निवडली?

वर मी यादी २००१-०२ पासून दिली. तुम्ही विचारलंत का, की तिथूनच का? लीग तर १९९६-९७ पासून आहे. सुरुवातीची पाच वर्षं जोडली तर जेसीटीचा भायचुंग भुतिया (१४ गोल), ईस्ट बंगालचा रमण विजयन, चर्चिलचा फिलिप मेन्सा आणि मोहन बागानचे इगोर श्क्विरिन आणि बॅरेटो ही नावं येतात. आता गोव्याचं प्रमाण होतं सोळापैकी अकरा. अकरापैकी दहा म्हणजे ९१ टक्के, सोळापैकी अकरा म्हणजे ६९ टक्के. आकडे तेच, खिडकी वेगळी. दोन्ही खरे. पण पहिला आकडा बातमी होतो आणि दुसरा होत नाही. प्रबंधात कालखंड निवडलात की "हाच का" याचं उत्तर पहिल्या प्रकरणात लिहून ठेवा.

चौथी तपासणी: छेद कुठे आहे?

ओडाफाचे २२ गोल यादीत दोनदा आहेत. सारखीच कामगिरी? नाही. २००७-०८ ला लीगमध्ये १० संघ होते, प्रत्येकाचे १८ सामने. २००९-१० ला १४ संघ, २६ सामने. म्हणजे संघाच्या दर सामन्यामागे एकदा १.२२ गोल, एकदा ०.८५.

आणि रँटीचे ३२? तेही २६ सामन्यांच्या हंगामातले, म्हणजे १.२३. यादीत ३२ आणि २२ यांत दहा गोलांचं अंतर दिसतं, दर काढला की ते जवळजवळ शून्य होतं. खेळाडू प्रत्यक्ष किती मिनिटं मैदानात होता ते घेतलं तर हिशेब आणखी नीट होईल. पण छेद लिहायची सवय आधी लागू दे.

पाचवी तपासणी: मोजलं कोणी, आणि नियम काय?

गोल म्हणजे गोल, त्यात काय मोजायचं, असं वाटतं. स्पेनमध्ये सर्वाधिक गोलांचा पिचिची पुरस्कार 'मार्का' हे वृत्तपत्र देतं. २०१०-११ ला रोनाल्डोच्या नावावर लीगच्या नोंदीत ४० गोल होते आणि मार्काच्या नोंदीत ४१. एक फ्री किक सहकारी पेपेला लागून आत गेली. लीगने गोल पेपेचा धरला, मार्काने रोनाल्डोचा. एकच चेंडू, दोन डेटासेट.

बरोबरी झाली तर काय, हाही नियमच. इंग्लंडमध्ये २०१८-१९ ला २२ गोलांवर तिघांना विभागून बूट दिला. आपल्या आयएसएलमध्ये २०२०-२१ ला एफसी गोवाचा इगोर अंगुलो आणि रॉय कृष्णा दोघांचे १४ झाले, पण बूट गेला अंगुलोकडे, कमी मिनिटांत केले म्हणून. तुम्ही विजेत्यांची नावं मोजणार असाल तर हा फरक थेट तुमच्या निकालात उतरतो.

आणि बक्षीस लागलं की मोजमापावर ताण येतो. युरोपियन गोल्डन शू १९९१ नंतर काही वर्षं अधिकृतपणे दिलाच गेला नाही. सायप्रसच्या एका खेळाडूचे ४० गोल झाल्याचा दावा करण्यात आला, अधिकृत नोंदीत तिथल्या अव्वल खेळाडूंचे होते १९. १९९६-९७ ला तो परत सुरू झाला तेव्हा लीगच्या ताकदीप्रमाणे गुणांना भार लावला गेला.

मग या यादीचं करायचं काय?

इथे एक खरा, जिवंत प्रश्न आहे. भारतीय स्ट्रायकर का घडत नाहीत? भुतिया आणि विजयननंतर यादीत पुढचं भारतीय नाव थेट २०१३-१४ चं, छेत्रीचं, तेही विभागून. आयएसएलमध्ये २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत एकाही भारतीयाला गोल्डन बूट नाही. त्यामुळे "परदेशी खेळाडू कमी करा" ही मागणी सतत होते, आणि नियम बदललेही: मैदानावर एका वेळी आधी सहा परदेशी चालायचे, २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. त्यानंतरचे विजेते? ओगबेचे, मॉरिसियो, डायमंटाकोस, अजराई. चौघेही परदेशी.

याचा अर्थ नियम फसला का? घाई नको. गोल्डन बूट हे कमाल मूल्य आहे. सांगलीकरांना हे सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण तो एक आकडा सांगत नाही की पाणी किती दिवस घरात होतं. तसंच इथे. चारपैकी एकच परदेशी सेंटर फॉरवर्ड खेळला तरी बूट त्याला मिळू शकतो, आणि बाकी जागांवर भारतीयांचे गोल दुप्पट झाले तरी यादीत ते दिसणार नाहीत. २०२४-२५ ला चाळिशीतल्या छेत्रीने १४ गोल केले. अजराईच्या २३ पुढे ते यादीतून गायब.

म्हणून मोजायचं ते वेगळं: एकूण गोलांत भारतीयांचा वाटा, सेंटर फॉरवर्डच्या जागी भारतीयांना मिळालेली मिनिटं, हे नियम बदलण्याआधी आणि नंतर. हे आकडे गोळा करायला वेळ लागतो, यादी एका मिनिटात मिळते. पण एखाद्या पोराला आघाडीला खेळवायचं की बचावात, हे असल्या निष्कर्षांवर ठरणार असेल, तर वेळ घालवलाच पाहिजे.

शेवटी त्या यादीतल्या एका ओळीकडे परत बघा: २००३-०४, ख्रिस्तियानो ज्युनिअर, १५. पुढच्या हंगामात तो धेंपोकडे आला. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात त्याने दोन्ही गोल केले, दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो गेला. ते दोन गोल लीगचे नव्हते, म्हणून या यादीत नाहीत. त्याच मोसमात धेंपोने पहिल्यांदा लीग जिंकली. यादीत २००४-०५ समोर दुसरंच नाव आहे, आणि त्यात कुणाची काही चूक नाही. यादी तिला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते.

पुढच्या वेळी तुमच्या हातात अशी स्वच्छ यादी आली की या पाच तपासण्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा: तारखा, गट, खिडकी, छेद, मोजणारा. सराव हवा असेल तर कोल्हापूरच्या तालीम संघांचा एखादा हंगाम घ्या, सामन्यांच्या बातम्यांवरून स्वतः तक्ता भरा, आणि मग मला सांगा, किती गोलांच्या बाबतीत दोन बातम्यांचं एकमत होतं.