नाव तेच, माणूस दुसरा

कालपर्यंत बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट संगणकाची प्रणाली अद्ययावत केली की अचानक का रुसते? याचं उत्तर पुष्कळदा इतिहासात असतं. उबुंटूची २००६ सालची गोष्ट तशीच आहे.

आपण दिलेल्या आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला युनिक्समध्ये शेल म्हणतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. त्याचं नाव दोनच अक्षरी, 'एसएच'. पुढे १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला. नावात कोटी आहे: 'बॉर्न अगेन', म्हणजे बॉर्नचा पुनर्जन्म! बॅशला जुनी भाषा येत होतीच, वर स्वतःच्या काही सोयीच्या लकबीही होत्या. लिनक्सवर 'एसएच' अशी हाक मारली की बहुधा बॅशच ओ देई. हळूहळू लोकांना वाटू लागलं, की दोघं एकच.

ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू ६.१० आलं आणि 'एसएच' हे नाव डॅशकडे गेलं. केनेथ अल्मक्विस्ट यांच्या शेलचा हा वंशज. अंगाने लहान, कामाला चपळ. प्रणाली सुरू होताना कितीतरी स्क्रिप्ट चालतात, तो वेळ वाचावा हा हेतू. पण डॅशला बॅशच्या लकबी कळत नाहीत. 'सोर्स' ही आज्ञा दिली की तो म्हणतो, सापडली नाही (त्याला नुसता टिंब लागतो). दुहेरी चौकोनी कंस पाहूनही तेच. अनेकांच्या स्क्रिप्ट मोडल्या, आणि भरपूर आरडाओरडा झाला.

गंमत अशी, की टर्मिनलवर हाताने टाईप केलेली तीच ओळ व्यवस्थित चाले! कारण तिथे बॅशच बसलेला होता. म्हणून निदान करताना आधी स्क्रिप्टची पहिली ओळ पाहायची. तिथे 'एसएच' असेल आणि आत बॅशची भाषा असेल, तर एक तर पहिल्या ओळीत बॅशचं नाव घालायचं, किंवा भाषा शुद्ध करायची. मात्र स्क्रिप्ट 'एसएच'च्या हाती देऊन चालवली, तर पहिली ओळ कुणी विचारातच घेत नाही, हेही ध्यानात ठेवावं.

मग चूक कुणाची? नियमाने पाहिलं तर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची. 'एसएच'ने फक्त प्रमाणभाषेचा शब्द दिला होता, आणि ती पॉझिक्स नावाने १९९२ सालीच लिहून ठेवलेली होती. पण वर्षानुवर्षं घरात जी बोली चालली, तीच माणसाला नियम वाटते. तिला एका रात्रीत अशुद्ध ठरवलं तर माणूस चिडणारच. डेबियनने हाच बदल २०११ च्या आवृत्तीत केला, तोही आधी आपल्या स्क्रिप्टमधल्या बॅशच्या लकबी शोधून, दुरुस्त करून.

बदल दोघांनीही केला. फरक फक्त आधी सांगण्या-सावरण्याचा. असो.