निन्टेंडो स्विच : ध्वनी-संवादातील अडचणी आणि उपाय

जपानमधील निन्टेंडो कंपनीचा ‘स्विच’ हा हातात धरून खेळता येणारा गेम कन्सोल मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. त्यात अंगभूत मायक्रोफोन नाही. त्यामुळे सहखेळाडूंपर्यंत आवाज न पोहोचणे म्हणजे यंत्रात बिघाड, असे समजून दुरुस्तीवर खर्च करणे योग्य नव्हे.

‘फोर्टनाइट’सारख्या काही खेळांत कन्सोलला जोडलेल्या हेडसेटवरून थेट बोलता येते. ‘स्प्लॅटून २’सारख्या खेळांत मात्र त्यासाठी मोबाइलवरील निन्टेंडोचे अॅप लागते. सप्टेंबर २०२१ पासून स्विचवर ब्लूटूथ हेडफोन चालतात. परंतु त्यांचा मायक्रोफोन चालत नाही. म्हणून तारेचा हेडसेट वापरावा. त्याच्या ३.५ मिलिमीटर पिनवर तीन पट्टे असावेत; दोनच असल्यास तो केवळ ऐकण्यासाठी असतो.

एवढे करूनही आवाज पोहोचत नसल्यास पिन पूर्ण आत बसली आहे का, तारेवरील आवाज बंद करण्याचे बटण दाबले गेले आहे का, खेळाच्या सेटिंगमध्ये व्हॉइस चॅट सुरू आहे का आणि पालक-नियंत्रणाने संवादावर निर्बंध घातला आहे का, हे क्रमाने तपासावे. तोच हेडसेट मोबाइलला जोडून पाहिल्यास दोष हेडसेटमध्ये आहे की अन्यत्र, हे स्पष्ट होते.

जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’मध्ये मात्र मायक्रोफोन अंगभूत आहे.